तिसाव्या वर्षीं पुन्हां विद्यार्थी : डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर

शालांत परीक्षा उतरल्यावर कला, वाणिज्य कीं विज्ञान, हा प्रश्न प्रत्येक विद्यार्थ्यापुढें उभा राहतो. एका दारानें आंत गेलें म्हणजे दुसरें दार जन्माचें बंद झालें, अशी आपल्याकडे दृढ समजूत आहे. आणि ती सर्वस्वी खोटी आहे असें आम्हांस म्हणवत नाहीं. प्रवेशाचे नियम, घरची सांपत्तिक स्थिति, वाढतें वय आणि चार लोकांचें हंसणें, हीं त्या दारावरचीं कुलुपें होत. तीं कोणीं कधीं उघडलींच नाहींत असें मात्र नाहीं. आम्ही स्वतः वाङ्मय व इतिहास या विषयांचे पदवीधर असून तेच विषय वर्गांत शिकवीत आलों आहों. कला शाखेंत गेलेले जुने विद्यार्थी कधीं भेटावयास येतात, आणि त्यांतील एखादा खालच्या आवाजांत विचारतो कीं, आतां विज्ञान शिकतां येईल काय? त्यास उपदेश करण्यापेक्षां एका माणसाची हकीकत सांगणें आम्हांस बरें वाटतें. ती येथें थोडी विस्तारानें देत आहों. तींतील प्रत्येक गोष्ट अनुकरण करण्याजोगी आहे असा आमचा दावा नाहीं. पण ती कानांवर पडलेली असावी, एवढें खास.

अल्बर्ट श्वाइट्झर यांचा जन्म ता. १४ जानेवारी १८७५ रोजीं आल्सेस प्रांतांतील कायझर्सबर्ग या गांवीं झाला. हा प्रांत फ्रान्स व जर्मनी यांच्या सीमेवर असून १८७१ मध्यें तो जर्मन साम्राज्यांत सामील करण्यांत आला होता. त्यामुळें फ्रेंच आणि जर्मन या दोनहि भाषा त्यांच्या कानांवर बाळपणापासूनच पडत होत्या. वडील लूथरपंथी मंडळीचे पाळक होते. मुलाच्या जन्मानंतर थोड्याच महिन्यांनीं त्यांची नेमणूक गुन्सबाख या डोंगराळ खेड्यांत झाली, आणि श्वाइट्झर आयुष्यभर ज्याला आपलें घर म्हणत गेले तें हेंच गांव. आईच्या वडिलांस ऑर्गनचें विलक्षण वेड होतें. तें नातवांत उतरलें. वयाच्या नवव्या वर्षींच गांवच्या उपासनेंत वादकाच्या गैरहजेरींत त्यांनीं ऑर्गन वाजविला होता.

माध्यमिक शिक्षणासाठीं त्यांस म्यूलहाऊस शहरीं एका वृद्ध आप्तांच्या घरीं ठेवण्यांत आलें. आरंभीं त्यांची प्रगति इतकी बेताची होती कीं, मुलास शाळेंतून काढून घ्यावें हें बरें, असें मुख्याध्यापकांनीं वडिलांस सुचविलें. पुढें एक नवे वर्गशिक्षक आले. ते प्रत्येक तासाची तयारी घरून करून येत, आणि वह्या ज्या दिवशीं परत देऊं म्हणत त्याच दिवशीं परत देत. या एका गोष्टीचा या स्वप्नाळू मुलावर जो परिणाम झाला तो कोणत्याहि शिक्षेनें झाला नसता. थोड्याच दिवसांत त्यांची गणना चांगल्या विद्यार्थ्यांत होऊं लागली. (हें आमच्या व्यवसायबंधूंनींहि ध्यानांत घ्यावें, वह्यांचे गठ्ठे आमच्याहि टेबलावर असतात.) सृष्टिशास्त्राची त्यांस शाळेंत असल्यापासून ओढ होती, पण ती भूक तेथें भागली नाहीं, आणि पुढें विद्यापीठांत तर वाट अगदींच निराळी लागली.

१८९३ मध्यें ते स्ट्रासबर्गच्या विद्यापीठांत दाखल झाले. विषय दोन : ईश्वरविज्ञान आणि तत्त्वज्ञान. त्याच सुमारास पॅरिस येथील प्रख्यात ऑर्गनवादक शार्ल-मारी विदोर यांनीं त्यांस शिष्य करून घेतलें. १८९९ मध्यें कान्ट या तत्त्ववेत्त्याच्या धर्मविचारावर प्रबंध लिहून त्यांनीं तत्त्वज्ञानाची डॉक्टर ही पदवी मिळविली. पुढच्याच वर्षीं ईश्वरविज्ञानाची उच्च पदवी घेतली. स्ट्रासबर्ग येथील सेंट निकोलस मंदिरांत उपदेशक झाले. १९०२ पासून विद्यापीठांत व्याख्यानें देऊं लागले. आणि १९०३ मध्यें ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाचे प्रमुख नेमले गेले. संगीतकार बाख याच्यावरचा त्यांचा ४५५ पृष्ठांचा फ्रेंच ग्रंथ १९०५ मध्यें प्रसिद्ध झाला. येशूच्या चरित्राचा शोध घेणाऱ्या विद्वानांच्या शंभर-सव्वाशें वर्षांच्या खटपटींचें परीक्षण करणारा त्यांचा दुसरा ग्रंथ १९०६ मध्यें बाहेर पडला, आणि त्यानें सर्व युरोपांतील पंडितांत खळबळ उडविली. तिशीच्या आंत एवढें ज्यानें मिळविलें, त्यास आणखी काय हवें असावें?

याचें उत्तर नऊ वर्षांपूर्वीच ठरून गेलें होतें. १८९६ सालच्या पेन्टेकॉस्टच्या सुटींत, गुन्सबाख येथें, एका प्रसन्न सकाळीं त्यांच्या मनांत असा विचार आला कीं, आपणांस मिळालेलें सुख आपण फुकट कसें घ्यावें? त्या वेळीं त्यांचें वय एकवीस होतें. अंथरुणांतून उठण्यापूर्वींच त्यांनीं निश्चय केला कीं, तिसाव्या वर्षापर्यंत विद्या व कला यांसाठीं जगावें आणि त्यानंतर मनुष्याच्या प्रत्यक्ष सेवेंत पडावें. ही सेवा कोणती, हें मात्र ठरलें नव्हतें. मध्यंतरीं अनाथ मुलांस आपल्या घरीं ठेवून वाढविण्याची, तसेंच बेघर व तुरुंगांतून सुटलेल्या लोकांस मदत करण्याची खटपट त्यांनीं करून पाहिली. पण संस्थांचे नियम आड आले, कोठें कोणीं दाद दिली नाहीं. अशा प्रकारचे निश्चय तरुणपणीं अनेकजण करतात, आणि तिसावें वर्ष येईपर्यंत ते विसरूनहि जातात. श्वाइट्झर विसरले नाहींत.

१९०४ च्या शरदृतूंत एके दिवशीं पॅरिस मिशनरी सोसायटीचें हिरव्या वेष्टनाचें मासिक त्यांच्या टेबलावर कोणीं तरी ठेवलें होतें. तें चाळतां चाळतां त्यांची दृष्टि एका लेखावर पडली. फ्रेंच काँगोच्या उत्तर भागांत, म्हणजे गाबोन प्रांतांत, मिशनच्या कार्यास माणसें मिळत नाहींत, अशी हकीकत सोसायटीचे अध्यक्ष आल्फ्रेड ब्यग्नेर यांनीं त्यांत लिहिली होती. लेख वाचून संपला आणि श्वाइट्झर शांतपणें आपल्या कामास लागले. शोध संपला होता. त्या भागांत सर्वांत मोठी वाण वैद्यांची होती. म्हणून त्यांनीं असें ठरविलें कीं, तेथें उपदेशक म्हणून न जातां वैद्य म्हणूनच जावें. आजवर आपण शब्दांच्या द्वारें काम केलें, यापुढें न बोलतां हातांनीं काम करावें, अशी त्यांची मनोमन इच्छा होती. धनवान व लाजर यांचा दृष्टांत त्यांच्या मनांत घोळत असे. युरोप हा तो धनवान आणि त्याच्या दाराशीं पडलेला लाजर म्हणजे आफ्रिका, असा अर्थ त्यांनीं लावला.

ता. १३ ऑक्टोबर १९०५ रोजीं पॅरिसच्या एका रस्त्यावरील टपालपेटींत त्यांनीं कांहीं पत्रें टाकलीं. हिंवाळी सत्राच्या आरंभापासून आपण वैद्यकाचे विद्यार्थी होणार, हें त्यांत आईवडिलांस व निकटच्या स्नेह्यांस कळविलें होतें. मग जो गहजब झाला तो कल्पनेनेंच जाणावा. ज्यांनीं त्यांस वाढविलें त्या आप्तेष्टांनीं त्यांस वेड्यांत काढलें. विदोर यांस तर शिष्याची ही कृति म्हणजे शुद्ध उधळपट्टी वाटली. ज्यास एवढी विद्या आहे त्यानें व्याख्यानें देऊन पैसा उभा करावा आणि वैद्य दुसऱ्यांस करावें, असा सल्ला अनेकांनीं दिला. आम्ही विचार केला तर हा सल्ला आम्हांसहि प्रथमदर्शनीं वाजवीच वाटतो. एक अनुभवी अध्यापक घालवून एक नवशिका वैद्य मिळविणें, यांत हिशेब कोठें बसतो? श्वाइट्झर यांनीं वाद फारसा घातला नाहीं. प्रकृति उत्तम, जरूरी थोड्या, कष्टांची संवय आणि फसलों तरी तें सोसण्याची तयारी, एवढें भांडवल आपणांपाशीं आहे, याची खातरजमा त्यांनीं आधींच करून घेतली होती. ज्यापाशीं तें नसेल त्यानें असें साहस करूं नये, असेंहि ते म्हणत. आणि हें त्यांचें म्हणणें उत्साहाच्या भरांत पुष्कळ लोक सांगावयाचें विसरतात.

त्याच महिन्याच्या अखेरीस ते वैद्यक शाखेचे प्रमुख प्रा. फेलिंग यांजकडे नांव नोंदविण्यास गेले, तेव्हां त्या गृहस्थांस असें वाटलें कीं, या माणसास आपल्या मानसरोगांच्या सहकाऱ्याकडे पाठवावें हेंच उत्तम. पण खरी अडचण निराळीच होती. विद्यापीठाच्या अध्यापकवर्गांतील मनुष्यास त्याच विद्यापीठांत विद्यार्थी होतां येत नसे. आणि नुसता पाहुणा म्हणून वर्गांत बसल्यास परीक्षेस बसतां येत नसे. ही गांठ दोघांनीं मिळून सोडविली. सरकारनें असें मान्य केलें कीं, व्याख्यानांस हजर राहिल्याबद्दल प्राध्यापकांनीं दिलेले दाखले परीक्षेसाठीं पुरेसे समजावे; आणि प्राध्यापकांनीं ठरविलें कीं, हा आपलाच सहकारी असल्यामुळें त्याजकडून फी घेऊं नये. नियम हे दगडांत कोरलेले असतात अशी आपली समजूत असते. ते बदलूं शकणारीं माणसें कचेरीच्या आंत बसलेलीं असतात, एवढेंच कित्येकदां आपल्या ध्यानांत येत नाहीं.

ऑक्टोबर अखेरच्या एका दाट धुक्याच्या दिवशीं ते शरीररचनाशास्त्राच्या पहिल्या व्याख्यानास निघाले. पुढचीं वर्षें हीं त्यांच्या आयुष्यांतील अत्यंत थकव्याचीं वर्षें ठरलीं. ईश्वरविज्ञानाचीं व्याख्यानें चालूच होतीं. जवळजवळ प्रत्येक रविवारीं उपदेश होताच. पॅरिसच्या बाख सोसायटीच्या जलशांत ऑर्गन वाजविण्यासाठीं वारंवार आगगाडीचा प्रवास होता. बाखवरील ग्रंथाची जर्मन आवृत्ति हवी होती. ती करतां करतां ४५५ पृष्ठांचीं ८४४ पृष्ठें झालीं, आणि ती १९०८ मध्यें छापून निघाली. वसतिगृहाचें प्रमुखपद त्यांनीं १९०६ मध्यें सोडलें, त्यामुळें राहत्या घरासहि मुकावें लागलें. या सर्वांतून शरीररचना, इंद्रियविज्ञान, रसायन, पदार्थविज्ञान, प्राणिशास्त्र व वनस्पतिशास्त्र एवढे विषय शिकावयाचे! वयानें दहा-बारा वर्षांनीं लहान असलेल्या मुलांच्या शेजारीं बाकावर बसून हा डॉक्टर, जो वरच्या मजल्यावर अध्यापक होता, खालच्या मजल्यावर बेडूक चिरीत होता, असें म्हटल्यास अतिशयोक्ति थोडीच होईल.

पण शिक्षकहि थोर लाभले. शरीररचनाशास्त्र श्वाल्बे शिकवीत. पदार्थविज्ञान शिकविणारांत फेर्डिनांड ब्राऊन हे होते. विजेच्या किरणांची ज्या नळींतून पुढें दूरचित्रवाणीचा पडदा निघाला ती नळी यांनींच १८९७ मध्यें तयार केली, आणि बिनतारी संदेशावरील कामाबद्दल १९०९ मध्यें मार्कोनी यांच्यासह यांस नोबेल पारितोषिक मिळालें. औषधिविज्ञान श्मीडेबर्ग शिकवीत, जे त्या शास्त्राच्या आधुनिक संस्थापकांपैकीं एक गणले जातात.

आतां या अभ्यासानें त्यांच्या मनाचें काय झालें, ही गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. वैद्यकाची पदवी मिळाली ही तिच्यापुढें लहान गोष्ट. तत्त्वज्ञान, इतिहास, ईश्वरविज्ञान यांत आयुष्य घालविलेल्या श्वाइट्झर यांस एक भीति नेहमीं वाटत आली होती. या विषयांत एखादें मत चातुर्यानें मांडलें म्हणजे तेंच सत्य म्हणून चालून जातें. ज्याचें तर्ककौशल्य मोठें, ज्याची भाषा गोड, त्याचा कांहीं काळ जय होतो; वस्तुस्थिति बिचारी बाजूस उभी राहते. येशूच्या चरित्राविषयीं शतकभर लिहिलेले ग्रंथ चाळतांना त्यांनीं हेंच पाहिलें होतें कीं, प्रत्येक विद्वानास त्या चरित्रांत आपल्याच काळाचा चेहरा दिसत होता. आतां ते अशा लोकांत येऊन बसले, जे प्रत्येक विधानाबरोबर पुरावा देणें हें स्वाभाविक कर्तव्य समजत होते. परीक्षानळींतील द्रव निळा झाला कीं झाला. त्यास वक्तृत्वानें तांबडा करतां येत नाहीं. या नव्या देशांत आल्यावर त्यांस मोठा मोकळेपणा वाटला. हा अनुभव त्यांच्या दृष्टीनें केवळ ज्ञानाचा नव्हता, तर आत्मिक होता.

मात्र असा मनुष्य बहुधा दुसऱ्या टोकास जातो. विज्ञानाची गोडी लागली म्हणजे जुन्या विषयांस नांवें ठेवावयाचीं, तत्त्वज्ञान म्हणजे वाचाळता असें म्हणावयाचें, हा प्रकार आम्हींहि पाहिला आहे. श्वाइट्झर तसे झाले नाहींत. ज्या प्रश्नांस प्रयोगशाळेंत उत्तर नाहीं, म्हणजे मनुष्यानें कसें जगावें, दुसऱ्या जीवाशीं त्याचें नातें काय, त्या प्रश्नांचा विचार टाळतां येत नाहीं, हें त्यांस रसायन व प्राणिशास्त्र शिकल्यावरच अधिक स्पष्ट दिसूं लागलें. पहिली पदवी त्यांस टाकाऊ झाली नाहीं. उलट दुसऱ्या विद्येनें ती धार लावून दिली.

परीक्षेची गोष्टहि सांगितली पाहिजे. तीस वर्षांवरील मनुष्याची स्मरणशक्ति वीस वर्षांच्या मुलासारखी राहत नाहीं, हें त्यांस लौकरच कळलें. त्यांतून त्यांनीं हट्ट धरला कीं, आपण शुद्ध शास्त्र शिकावयाचें, परीक्षेकडे पाहून अभ्यास करावयाचा नाहीं. शेवटचे कांहीं आठवडे उरले तेव्हां बरोबरीच्या मुलांनीं त्यांस धरून आपल्या घोकंपट्टीच्या मंडळांत नेलें. कोणता परीक्षक बहुधा कोणते प्रश्न घालतो आणि कोणतें उत्तर त्याच्या कानांस गोड लागतें, याची टिपणें त्या मुलांनीं पिढीजात जपून ठेवलेलीं होतीं. तत्त्वज्ञानाच्या डॉक्टरांनीं तीं मुकाट्यानें पाठ केलीं. १९०८ च्या मे महिन्यांत ही पहिली परीक्षा अपेक्षेपेक्षां चांगली पार पडली. आमच्या विद्यार्थ्यांनीं हें उदाहरण संभाव्य प्रश्नसंचाच्या समर्थनार्थ आमच्यापुढें आणूं नये, अशी त्यांस विनंति आहे. श्वाइट्झर यांनीं आधीं अडीच वर्षें मुळांतून अभ्यास केला होता, हा भाग ते गाळतील म्हणून सांगतों.

पुढचा रुग्णालयांतील अभ्यास त्यामानानें कमी शिणविणारा होता, कारण त्यांत एकाच वेळीं अनेक शास्त्रें रटावयाचीं नव्हतीं. अखेरच्या सरकारी परीक्षेची फी त्यांनीं म्यूनिक येथील फ्रेंच संगीताच्या उत्सवांत ऑर्गन वाजवून मिळविली. त्या वेळीं वाद्यवृंदाचें नेतृत्व विदोर यांच्याकडे होतें. ज्या गुरूनें या वेडापायीं शिष्यास बोल लावला होता, त्याच्याच बरोबर वाजवून त्या वेडाचा खर्च निघावा, यांत मौज आहे. शेवटची परीक्षा माडेलुंग या शस्त्रवैद्यांची. ती आटोपून श्वाइट्झर रुग्णालयाबाहेर हिंवाळ्याच्या अंधारांत आले तेव्हां तें ओझें खरोखरच उतरलें आहे, हें त्यांस पटेना. त्यानंतर एक वर्ष उमेदवारीचें, मग १९१२ मध्यें पॅरिस येथें उष्ण कटिबंधांतील रोगांचा अभ्यास, आणि १९१३ मध्यें वैद्यकाची डॉक्टर ही पदवी. तिच्यासाठीं लिहिलेल्या प्रबंधाचा विषयहि पाहण्यासारखा आहे. येशूस मानसिक विकार होता असें कांहीं वैद्यांनीं प्रतिपादन केलें होतें. त्या मतांचें वैद्यकीय व ऐतिहासिक अशा दोनहि बाजूंनीं त्यांनीं खंडन केलें. हा प्रबंध नुसत्या वैद्यासहि लिहितां आला नसता आणि नुसत्या ईश्वरविज्ञान्यासहि नाहीं.

सात-आठ वर्षें गेलीं तीं अशीं. या अवधींत त्यांच्या पाठीशीं एक व्यक्ति होती, तिचें नांव इतिहासांत फार थोड्या जागीं येतें. इतिहासाचे प्राध्यापक हारी ब्रेसलाऊ यांची कन्या हेलेन ही त्यांच्या लेखनांत मदत करी, मुद्रितें तपाशी. आणि त्यांचा बेत ठरल्यावर तिनेंहि रुग्णपरिचारिकेचें शिक्षण घेतलें. ता. १८ जून १९१२ रोजीं दोघांचा विवाह झाला. आफ्रिकेंत शस्त्रक्रियेच्या वेळीं रोग्यास गुंगीचें औषध देण्याचें काम तिनेंच केलें. पुढें प्रकृति खालावल्यामुळें तिला कित्येक वर्षें पतीपासून दूर युरोपांत काढावीं लागलीं. या त्यागाचें मोजमाप कोणीं केलें नाहीं.

जाण्याची परवानगी मिळणें हेंहि सोपें नव्हतें. पॅरिस मिशनरी सोसायटीतील कांहीं सभासदांस त्यांचीं धार्मिक मतें फार मोकळीं वाटत. मतांची तपासणी करण्यासाठीं समितीपुढें हजर राहण्याचें श्वाइट्झर यांनीं नाकारलें. त्याऐवजीं ते प्रत्येक सभासदास त्याच्या घरीं जाऊन भेटले, आणि आपण केवळ वैद्य म्हणून राहूं, उपदेश करणार नाहीं, असें वचन दिलें. लाजर दाराशीं पडला असतां वैद्याच्या मतांची शहानिशा करीत बसावें, हें आम्हांस शोभत नाहीं असें वाटतें. तथापि लांमबारेने येथें प्रत्यक्ष काम करणाऱ्या मिशनरी बंधूंनीं त्यांस थोड्याच दिवसांत आपण होऊन उपदेशाची विनंति केली, हेंहि नमूद केलें पाहिजे. खर्चाची सर्व जबाबदारी श्वाइट्झर यांनीं स्वतःवर घेतली होती. ती मित्रांच्या देणग्या, ग्रंथ व जलसे यांवर भागली. शिवाय जर्मन पदवीच्या वैद्यास फ्रेंच वसाहतींत काम करण्यास सरकारी मंजुरी लागली, ती मिळाली.

१९१३ च्या मार्च महिन्यांत, उत्तम शुक्रवारीं, पतिपत्नींनीं गुन्सबाख सोडलें. बोर्दो येथें आगबोट धरली, आणि एप्रिलच्या मध्यास ओगोवे नदीच्या कांठीं, विषुववृत्ताच्या किंचित् दक्षिणेस असलेल्या लांमबारेनेच्या मिशन ठाण्यावर तीं पोंचलीं. औषधांच्या पेट्या मागून यावयाच्या होत्या, पण रोगी वाट पाहत बसले नाहींत. मिशनच्या आवारांत कोंबड्यांचें एक जुनें खुराडें होतें. तें चुन्यानें पांढरें करून त्यांत पहिला दवाखाना उघडला. हिंवताप, महारोग, निद्रारोग, अतिसार, सडलेल्या जखमा, अंतर्गळ. पहिल्या नऊ महिन्यांत सुमारें दोन हजार रोगी त्यांनीं पाहिले. जोसेफ आझोवानी नांवाचा एक स्थानिक मनुष्य दुभाषी व मदतनीस म्हणून लाभला. तो पूर्वीं स्वयंपाकी असल्यामुळें रोग्याच्या शरीराचे भाग खाटकाच्या दुकानांतील नांवांनीं सांगत असे. स्ट्रासबर्गच्या शरीररचनाशास्त्राची अशी भाषांतरें रोज होत.

बाख सोसायटीनें भेट दिलेला पायपट्ट्यांचा एक पियानो, जस्ताच्या अस्तरानें वाळवीपासून व दमटपणापासून राखलेला, त्यांच्याबरोबर गेला होता. आपली कला संपली, असें समजून त्यांनीं ती मनोमन सोडून दिली होती. पण रात्रीं दिव्याच्या उजेडांत, श्रोते कोणी नसतां, त्यांस ती अधिक निवांतपणें पुन्हां सांपडली.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतों. १९१४ मध्यें युद्ध सुरू होतांच जर्मन प्रजाजन म्हणून त्यांस फ्रेंच वसाहतींत नजरकैदेंत ठेवण्यांत आलें. १९१७ मध्यें कैदी म्हणून फ्रान्सला नेण्यांत आलें. १९१५ च्या सप्टेंबरांत, नदींतून एका रोग्याकडे जात असतां, सूर्यास्ताच्या वेळीं पाणघोड्यांच्या कळपामधून होडी चालली होती, तेव्हां जीवमात्राविषयीं आदर ही कल्पना त्यांस सुचली आणि तीच त्यांच्या सर्व नीतिविचाराचा पाया झाली. आपल्या अहिंसेशीं या विचाराचें नातें उघड आहे. त्यांनीं भारतीय तत्त्वचिंतनावर १९३५ मध्यें एक ग्रंथ लिहून त्यांत जैनांच्या अहिंसेचाहि विचार केला. पण भारतीय विचार मुख्यतः जगास व जीवनास नकार देणारा आहे, हें त्यांतील मत डॉ. राधाकृष्णन् यांनीं मान्य केलें नाहीं, आणि या वादांत आम्हांस राधाकृष्णन् यांची बाजू सरस वाटते. भारतवर्ष त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें असतें तर बरें झालें असतें.

१९२४ मध्यें ते लांमबारेनेस परतले तेव्हां जुन्या दवाखान्याच्या जागीं बहुतेक झाडाझुडुपांचें रान माजलें होतें. त्यांनीं सकाळीं रोगी पाहिले आणि दुपारीं सुतारगवंड्यांचें काम केलें. १९२७ मध्यें नदीच्या वरच्या अंगास नवें रुग्णालय उभें राहिलें. १९५२ सालचें शांततेचें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें; तो पैसा महारोग्यांच्या वसाहतीस लागला. १९५७ च्या एप्रिलांत ऑस्लो नभोवाणीवरून त्यांनीं अणुबाँबच्या चांचण्यांविरुद्ध आवाहन केलें. किरणोत्सर्गी धूळ गवतांतून दुधांत आणि दुधांतून मुलांच्या हाडांत कशी जाते, याचा वैज्ञानिक तपशील त्यांनीं पुष्कळ वाचून गोळा केला होता. त्या वेळीं त्यांचें वय ब्याऐंशी होतें.

त्यांच्यावर आक्षेप आले, ते लपवून ठेवण्याचें कारण नाहीं. रुग्णालय जुन्या पद्धतीचें राहिलें, आवारांत शेळ्या-कोंबड्या फिरत, असें पाहुणे लिहीत. याचें उत्तर देतां येतें. रोगी आपलें कुटुंब व चूल घेऊन येत, आणि ओळखीच्या वातावरणांत तेथें राहत. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. आफ्रिकी मनुष्यास ते भाऊ म्हणत, पण धाकटा भाऊ. थोरलेपणाचा अधिकार त्यांनीं शेवटपर्यंत सोडला नाहीं. जोसेफसारखे हुशार मदतनीस असतां स्थानिक तरुणांतून वैद्य तयार करण्याकडे त्यांनीं फारसें लक्ष दिलें नाहीं. ज्यानें स्वतः तिसाव्या वर्षीं बाकावर बसून विज्ञान शिकलें, त्यानें दुसऱ्यांसाठीं तें दार उघडण्याची घाई करूं नये, ही उणीव आम्हांस त्यांच्या चरित्रांत खुपते. गाबोन देश १९६० मध्यें स्वतंत्र झाला, आणि हा प्रश्न त्यानंतर तेथील लोकांनीं आपल्या रीतीनें सोडविला.

ता. ४ सप्टेंबर १९६५ रोजीं, नव्वदाव्या वर्षीं, लांमबारेने येथें त्यांचें देहावसान झालें. हेलेन यांचा १९५७ मध्यें मृत्यु झाला होता. दोघांच्या समाध्या ओगोवेच्या कांठीं आहेत. नवीन पद्धतीचें रुग्णालय तेथें १९८१ मध्यें बांधण्यांत आलें. त्याला जोडून वैद्यकीय संशोधनाची एक प्रयोगशाळा निघाली, आणि हिंवतापाच्या ज्या लशीची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ मध्यें आफ्रिकेंतील मुलांसाठीं केली, तिच्या मोठ्या चांचण्या ज्या अकरा ठिकाणीं झाल्या त्यांत लांमबारेने हें एक होतें.